घर म्हणायचं की हॉटेल, आणि तेही किती रात्रींचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत जुन्या हॉटेलच्या इमारतीत घर घेण्याबद्दल तुमच्या रविवारच्या पुरवणीत "सहा महिने राहा, सहा महिने कमवा" असं सांगणारा जो लेख आला तो मला एकाच आठवड्यात चार जणांनी पाठवला, त्यातल्या माझ्या मावसबहिणीने तर खाली फक्त एवढंच लिहिलं होतं की "घेऊ का गं?" आणि म्हणून हे पत्र. मी न्यू जर्सीत 26 वर्षं दुसऱ्यांचे टॅक्स रिटर्न भरलेत, आता रिटायर झालेय, त्यामुळे टॅक्समधलं आपल्याला कळतं असा एक माज होता, आणि तो माज असतानाच आम्ही नवरा-बायको या प्रकारात पडलो. तेव्हा हे कुणा शहाण्याचं पत्र नाहीये, ठेच लागलेल्या बाईचं आहे.

आधी मुळात हे काय असतं ते सांगते कारण लेखात दोन वेगळ्या गोष्टींची पार खिचडी झालीय. जुनं हॉटेल असतं, धंदा बसलेला असतो किंवा जागेला धंद्यापेक्षा जास्त भाव आलेला असतो, मग कुणीतरी बिल्डर ते घेतो आणि खोल्या सुट्या सुट्या विकतो, प्रत्येकीचं वेगळं खरेदीखत. आता यात एक प्रकार असा की भिंती पाडून, स्वयंपाकघर वगैरे घालून खरोखरचे फ्लॅट करतात. आणि दुसरा प्रकार म्हणजे खोली हॉटेलची खोलीच राहते, खाली फ्रंट डेस्क, चादरी बदलायला माणसं, सगळं तसंच, फक्त कागदावर मालक म्हणून तुमचं नाव लागतं. ह्याला तिकडे कॉन्डो-हॉटेल म्हणतात (कॉन्डो म्हणजे स्वतंत्र मालकीचा फ्लॅट), काही जण सरळ कॉन्डोटेल. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, जाहिरातीतले फोटोही सारखेच, तोच समुद्र आणि तीच पांढरी उशी. पण टॅक्सला आणि राहण्याच्या नियमांना दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि लेखात त्यावर एक अक्षर नाही.

आमचं झालं असं. ह्यांना थंडी सोसत नाही, गुडघे धरतात, म्हणून हवाईला वायकिकीत एक स्टुडिओ बघितला, जुन्या हॉटेलच्या इमारतीतला. छोटासाच, एक पलंग, एक गॅलरी, आणि स्वयंपाकाच्या नावाखाली एक बेसिन आणि लहान फ्रिज. बेत काय तर हिवाळ्याचे पाच-सहा महिने आपण राहायचं आणि उरलेले महिने टुरिस्टना द्यायचं, म्हणजे मेंटेनन्स परस्पर निघेल. एजंट चांगला गोड बोलणारा होता, "युवर होम इन पॅरडाइज" हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं की मला वाटायला लागलं खरेदीखतातच लिहिलेलं असणार. जागा फी सिंपल, म्हणजे जमिनीसकट मालकीची, आहे की लीजवरची हे मात्र मी विचारलं, कारण तिथल्या कितीतरी जुन्या इमारतींची जमीन दुसऱ्याचीच असते आणि तुम्ही फक्त काही वर्षांचे भाडेकरू असता, तेवढी अक्कल होती. टॅक्सचा वर्ग कोणता हे नाही विचारलं. 26 वर्षं रिटर्न भरून हे नाही विचारलं, हे मी अजून माझ्या जुन्या क्लायंटना सांगितलेलं नाही.

डिसेंबरात असेसमेंटची, म्हणजे टॅक्ससाठी किंमत आणि वर्ग ठरवल्याची, नोटीस आली आणि त्यात वर्ग होता "हॉटेल अँड रिसॉर्ट". होनोलुलूत (वायकिकी त्याच शहरात येतं) प्रॉपर्टी टॅक्स हा दर 1,000 डॉलर किमतीमागे किती असा मोजतात, आणि गेल्या काही वर्षांत राहत्या घराचा दर आहे 3.50 डॉलर आणि हॉटेल-रिसॉर्टचा 13.90 डॉलर. म्हणजे जवळजवळ चौपट. समजा युनिटची किंमत 3 लाख डॉलर धरली तर घर म्हणून वर्षाला 1,050 डॉलर आणि हॉटेल म्हणून 4,170. तीच खोली, तोच पलंग, तीच गॅलरी. आणि जर ते तुमचं मुख्य घर असेल तर घरमालकाची सवलत मिळते, ती सध्या 1 लाख 20 हजार डॉलरची आहे, ती वजा केली की टॅक्स येतो फक्त 630. आता 630 आणि 4,170 हे आकडे एकाखाली एक लिहून बघा म्हणजे माझ्या पोटात का गोळा आला ते कळेल.

मी लगेच म्हटलं चूक झालीय, अपील करूया, 15 जानेवारीपर्यंत मुदत असते. पण चूक नव्हतीच. अशा इमारतीतलं युनिट तुम्हाला घर म्हणून वापरायचं असेल तर तसा अर्ज करून लिहून द्यावं लागतं की ही जागा आम्ही 5 वर्षं फक्त राहण्यासाठीच वापरू, टुरिस्टना रोजच्या भाड्याने देणार नाही, आणि मध्येच शब्द मोडला तर मागच्या टॅक्सचा फरक दंडासकट वसूल होतो. ह्या अर्जाची त्या वर्षीची तारीख आमची खरेदी होण्याआधीच गेलेली. म्हणजे एक अख्खं वर्ष हॉटेलच्या दराने भरलं. इमारतीच्या लिफ्टमध्ये एक बाई भेटल्या, आमच्याच मजल्यावरच्या, त्यांचं युनिट आमच्यापेक्षा थोडं मोठंच, आणि टॅक्स आमच्या टॅक्सच्या चौथा हिस्सा, कारण त्यांनी अर्ज वेळेवर केला होता. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांचा काडीचाही दोष नव्हता.

बरं मग सवलतीचं काय, तर ती मिळायला ते तुमचं मुख्य घर पाहिजे, म्हणजे वर्षातले 270 पेक्षा जास्त दिवस तिथे राहणं, हवाईचा रहिवासी म्हणून इन्कम टॅक्स भरणं वगैरे पुरावे लागतात आणि अर्ज 30 सप्टेंबरच्या आत. आम्ही पाच-सहा महिनेवाले, त्यामुळे तो विषयच संपला. आणि टुरिस्टना द्यायचं तर ती कमाईही सगळी आपली नाही, पाहुण्याकडून राज्याचा हॉटेल टॅक्स (2018 पासून 10.25 टक्के होता, 2026 पासून 11), त्यावर काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, 3 टक्के, वर राज्याचा सगळ्याच धंद्यांवर लागणारा जनरल एक्साइज, सगळं मिळून साडेअठराच्या आसपास गोळा करून सरकारात भरायचं असतं आणि ते न भरता नुसतं खोली देणारे लोक नंतर रडत बसतात.

म्हणजे "सहा महिने राहा, सहा महिने कमवा" हे जे तुमच्या लेखात मोठ्या अक्षरांत छापलंय ते नेमकं तेच आहे जे टॅक्सच्या हिशोबात सगळ्यात महाग पडतं. घर म्हणून लिहून दिलंत तर कमावता येत नाही, कमावलंत तर घराचा दर मिळत नाही. माझं म्हणणं असंही नाही की हे अन्यायाचं आहे. उलट विचार करता मला वाटतं होनोलुलूची पद्धत त्यातल्या त्यात सरळ आहे, निदान ते विचारतात तरी की बाई तुम्ही इथे नक्की करणार काय आहात, आणि त्या उत्तराप्रमाणे टॅक्स लावतात.

न्यूयॉर्कमध्ये तेही नाही. तुमच्या लेखात प्लाझा हॉटेलचा फोटो आहे म्हणून त्याचीच गोष्ट सांगते. 1907 साली उघडलेलं हॉटेल, सेंट्रल पार्कच्या कोपऱ्यावरचं, 800 च्या वर खोल्या. 2004 मध्ये एलाड कंपनीने ते 675 मिलियन डॉलरला घेतलं आणि त्याचे फ्लॅट करायचं ठरवलं. तिथल्या हॉटेल कामगारांच्या युनियनने रान उठवलं कारण खोल्या गेल्या की नोकऱ्या गेल्या, शेवटी 2005 मध्ये महापौर ब्लूमबर्ग मध्ये पडून तडजोड झाली आणि 2008 मध्ये हॉटेल परत उघडलं तेव्हा हॉटेलच्या खोल्या उरल्या होत्या 282, बाकी जागा खाजगी फ्लॅटांना गेली. त्या 282 मधल्याही बऱ्याच खोल्या सुट्या मालकांना विकलेल्या, ज्यांना तिथे वर्षातून ठराविक दिवसच राहता येतं. (आपल्या वाचकांना प्लाझाचं नाव आठवत असेल ते सहारामुळे. 2012 मध्ये सुब्रत रॉय यांच्या सहाराने त्यात मोठा हिस्सा घेतला होता आणि पुढे 2018 मध्ये ते कतारच्या कंपनीकडे गेलं. बिचारं हॉटेल, मालक बघून बघून दमलं असेल.)

राहायच्या दिवसांची बंदी म्हणजे काय असते ते बघायचं तर स्प्रिंग स्ट्रीटवरचा 46 मजली टॉवर बघा, 2010 मध्ये ट्रम्प सोहो म्हणून उघडला, 2017 च्या शेवटी नाव बदलून द डॉमिनिक झालं. हे जुन्या हॉटेलचं रूपांतर नव्हे, नवीनच बांधलेलं, पण नियमांचं गणित शिकायला ह्याच्यासारखं उदाहरण नाही. ती जागा झोनिंगमध्ये, म्हणजे कुठे काय बांधता येतं याच्या नियमांत, कारखान्यांची, तिथे हॉटेल चालतं पण राहती घरं चालत नाहीत. मग घर विकायचंय पण घर म्हणता येत नाही, तर काय करायचं? हॉटेलच्या खोल्या म्हणून विकायच्या. शहराने अट घातली आणि 2007 मध्ये तसा दस्तऐवजच करून घेतला, की मालकाला वर्षात 120 पेक्षा जास्त दिवस राहता येणार नाही आणि कुठल्याही 36 दिवसांत 29 पेक्षा जास्त नाही. लाखो डॉलर देऊन खोली घ्यायची आणि तिसाव्या दिवशी आपल्याच खोलीतून बॅग घेऊन बाहेर पडायचं. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण लोकांनी घेतल्या.

हा 29 कुठून आला हे मला कळेना म्हणून बरंच वाचलं. तर न्यूयॉर्कमध्ये माणूस हॉटेलच्या खोलीत 30 दिवस राहिला की त्याला भाडेकरूसारखे हक्क मिळतात, मग त्याला कोर्टात गेल्याशिवाय बाहेर काढता येत नाही. तिथला इमारतींचा जुना कायदा, 1929 चा, तोही कायम राहण्याची घरं आणि येऊन-जाऊन राहण्याची घरं असे वेगवेगळे वर्ग करतो. म्हणून सगळे 29 वर थांबतात. पण मग मी बाकीचे आकडे काढायला बसले आणि खरं सांगते, डोकं गरगरलं. न्यूयॉर्क राज्याच्या सेल्स टॅक्सला हॉटेलात 90 दिवस राहिलेला माणूस कायमचा रहिवासी. त्याच न्यूयॉर्क शहराच्या हॉटेल टॅक्सला तोच माणूस 180 दिवसांनी रहिवासी. हवाईत हॉटेल टॅक्ससाठी 180 दिवसांच्या आतला तो पाहुणा. होनोलुलूत भाड्याने देण्याच्या नियमाला सीमा 30 दिवसांची, ती 2022 मध्ये त्यांनी 90 करायला घेतली तर फेडरल कोर्टाने थांबवली. न्यूयॉर्कच्या इन्कम टॅक्सला 183 पेक्षा जास्त दिवस आणि राहायला पक्की जागा असेल तर तुम्ही तिथले. आणि केंद्राच्या इन्कम टॅक्सला भाड्याने दिलेली जागा तुम्ही स्वतः 14 दिवसांपेक्षा जास्त किंवा भाड्याच्या दिवसांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त वापरलीत, दोन्हींत जे मोठं असेल ते, की ती तुमचं राहतं ठिकाण धरली जाते आणि तोटा दाखवण्यावर बंधनं येतात. म्हणजे एकच बाई, एकच पलंग, आणि ती कुणाच्या हिशोबात पंधराव्या दिवशी घरात राहायला लागते तर कुणाच्या हिशोबात दोनशे एकाहत्तराव्या.

ह्यांनी तर फ्रिजवर कॅलेंडर लावलंय, रोज रात्री झोपायच्या आधी लाल पेनाने रेघ मारतात. मी म्हटलं तुम्ही काय जेलमध्ये आहात का दिवस मोजायला. तर म्हणाले जेलमध्ये एकच आकडा मोजायचा असतो.

आता मुद्द्याचं, आणि माझी खरी तक्रार काय ती. न्यूयॉर्कमध्ये मालमत्तेचे चार वर्ग आहेत, राहते कॉन्डो वर्ग 2 मध्ये आणि हॉटेल वर्ग 4 मध्ये. नुसता दराचा आकडा बघाल तर फसाल, कारण वर्ग 2 चा दर वर्ग 4 पेक्षा कमी नाहीये, जास्तच आहे, आणि दोन्हीकडे किमतीच्या 45 टक्क्यांवरच टॅक्स लागतो. खरी मेख किंमत ठरवण्यात आहे. राहत्या कॉन्डोची किंमत धरताना तो विकला कितीला गेला हे बघायचंच नाही, भाड्याने दिला असता तर किती आलं असतं हे आजूबाजूच्या भाड्याच्या इमारतींवरून धरायचं, असा कायदाच आहे. जुन्या भागात त्या आजूबाजूच्या इमारतींची भाडी सरकारी नियंत्रणातली, कमी. त्यामुळे करोडो डॉलरचा फ्लॅट टॅक्सच्या कागदावर एकदम गरीब होऊन बसतो. 2019 मध्ये सेंट्रल पार्कच्या दक्षिणेला एक पेंटहाउस 23 कोटी 80 लाख डॉलरला विकला गेला तेव्हा ह्यावरून मोठा आरडाओरडा झाला, बाहेरच्यांच्या रिकाम्या घरांवर वेगळा टॅक्स लावायचा प्रस्ताव आला, तो बारगळला आणि त्याच्या बदल्यात महागड्या घरांच्या खरेदीवरचा एकदाच भरायचा टॅक्स वाढवला. एकदाच भरायचा. दरवर्षीचा नाही.

आता हॉटेलातून निघालेल्या एकाच इमारतीत काय चित्र होतं बघा. वरच्या मजल्यावर खरा फ्लॅट, मालक परदेशी, वर्षातून चार रात्री येतो किंवा तेवढ्याही येत नाही, त्याला कुणी विचारत नाही किती दिवस राहिलास, आणि त्याचं घर "राहतं घर" म्हणून मोजलं जातं. खालच्या मजल्यावर हॉटेलची सुटी खोली घेतलेला मालक, त्याला खरोखर राहायचंय पण 121 वी रात्र राहिला तर नियमभंग, आणि टॅक्स धंद्याचा. जो राहत नाही तो रहिवासी आणि ज्याला राहायचंय तो हॉटेलवाला! मला हे इतकं उलटं वाटलं की मी दोनदा वाचलं. मुख्य घर असलेल्यालाच कॉन्डोची खास सूट असा नियम न्यूयॉर्कमध्ये 2013 मध्ये केला तेवढं एक बरं केलं, पण ती सूट म्हणजे वरवरची फुंकर, किंमत ठरवायची पद्धत तीच आहे.

ह्यावर माझी मैत्रीण म्हणाली की मग बंदीच काढून टाका, ज्याची खोली त्याला राहू दे. नाही, मला ते पटत नाही. दिवसांची मर्यादा उगाच घातलेली नसते. प्लाझाच्या कामगारांचं भांडण खरंच होतं, मालक कायम राहायला लागला की चादरी बदलायची कुणाच्या, खानावळ चालवायची कुणासाठी. त्यामुळेच 2015 मध्ये न्यूयॉर्कने मॅनहॅटनमधल्या 150 खोल्यांच्या वरच्या हॉटेलांना सांगितलं की परवानगीशिवाय पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भाग दुसऱ्या कामाला वळवायचा नाही, तो नियम काही वर्षं चालला. न्यूयॉर्कचंच वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेल बघा, 2017 मध्ये बंद झालं तेव्हा 1,400 च्या आसपास खोल्या होत्या, आठ वर्षं बंद राहून 2025 मध्ये उघडलं ते हॉटेलच्या 375 खोल्या घेऊन, बाकीचे फ्लॅट. कॅलिफोर्नियात समुद्रकाठच्या अशा प्रकल्पांना कोस्टल कमिशन, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, मालकाच्या राहण्यावर मर्यादा घालायला लावतं, साधारण वर्षाला 90 दिवसांच्या आसपास, कारण किनारा सगळ्यांचा आहे, तिथलं हॉटेल चार-दोनशे मालकांनी अडवून बसू नये. हे मला मान्य आहे. आणि सॅन फ्रान्सिस्कोत तर उलटी गंमत, तिथे स्वस्त हॉटेलांत गरीब माणसं महिनोन् महिने राहायची, मालकांना त्या खोल्या टुरिस्टना द्यायच्या होत्या, तर 1981 मध्ये शहराने कायदा केला की राहती खोली टुरिस्टची करायची तर बदली घर द्या नाहीतर पैसे भरा. सॅन रेमो नावाच्या हॉटेलला 5 लाख 67 हजार डॉलर भरावे लागले, ते भांडत भांडत 2005 मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि तिथेही हरले. म्हणजे एका गावात कायम राहिलात म्हणून गुन्हा आणि दुसऱ्या गावात कायम राहणाऱ्याला काढलंत म्हणून गुन्हा, आणि दोन्हींना कारण आहे, हे समजून घेतलं पाहिजे.

तेव्हा बंदी असू दे. पण बंदी आहे तर टॅक्स त्या खोलीत कोण किती रात्री झोपतं त्यावरून लावा, वर्षभर रिकाम्या असलेल्या फ्लॅटला "राहतं घर" म्हणून पाठीशी घालू नका, आणि विकताना दिवसांचा आकडा पहिल्या पानावर छापा, शेवटच्या जोडपत्रात नाही. एवढंच. यात क्रांतिकारक असं काही नाहीये.

विकणारे गप्प का बसतात याचंही एक कारण आहे जे मला फार उशिरा कळलं. 1973 मध्ये अमेरिकेच्या सेबीसारख्या संस्थेने, म्हणजे एसईसीने, जाहीर केलं की कॉन्डो विकताना भाड्याच्या कमाईचा गाजावाजा केलात, सगळ्यांचं भाडं एकत्र करून वाटायची योजना ठेवलीत, किंवा मालकाला जागा वापरायलाच बंधन घातलंत, तर ते घर विकणं नाही, शेअर विकल्यासारखं आहे आणि त्याचे सगळे नियम लागू होतात. त्यामुळे शहाणा एजंट कमाईबद्दल तोंडच उघडत नाही, नुसता समुद्र दाखवतो, आणि बंधनाचा विषय निघाला की म्हणतो "ते आमचं नाही, झोनिंगचं आहे". आमचा एजंट तसाच, मी भाडं किती येईल विचारलं तर हसून म्हणाला यू विल लव्ह द सनसेट. सनसेट चांगला आहे, त्यात खोटं नाही.

कर्जाचंही तेच. बँकांकडून घरकर्जं विकत घेणारी फॅनी मे नावाची मोठी संस्था अशा इमारतींमधली कर्जं घेत नाही, त्यामुळे बऱ्याच बँका दारातच नाही म्हणतात, ज्या देतात त्या जास्त पैसे आधी मागतात आणि व्याजही जास्त. आणि उद्या तुम्हाला विकायचं झालं तर घेणाऱ्यालाही तेच नकार ऐकायला लागणार, म्हणजे गिऱ्हाईक कोण तर रोख पैसेवाला, आणि तो भाव पाडूनच मागतो. लेखात "सहज विकता येणारी गुंतवणूक" असं लिहिलंय, ते वाचून ह्यांना ठसका लागला.

अजून एक राहिलं. लेखाच्या शेवटी म्हटलंय की रिकामी हॉटेलं अशी विकल्याने शहरातली घरटंचाई कमी होईल. होईल कशी? ज्या खोलीत वर्षातले 120 दिवसच राहायचं ती कुणाचं घर होणार? खरोखर गरजूंसाठी हॉटेलांची घरं करायला न्यूयॉर्क राज्याने 2021 मध्ये कायदा केला, 10 कोटी डॉलर बाजूला ठेवले, तरी गाडी लवकर पुढे सरकेना, कारण हॉटेलची खोली कायमचं घर म्हणून पास करायची म्हणजे स्वयंपाकघर पाहिजे, झोनिंग बसलं पाहिजे, इमारतीचा दाखला बदलला पाहिजे, त्यात नियमही पुढच्या वर्षी सैल करावे लागले. म्हणजे गरिबाला तिथे कायम राहता यावं म्हणून कायदा बदलायला घाम फुटतो, आणि श्रीमंताला चार रात्रींसाठी ती विकायला मात्र पन्नास वाटा सापडतात.

आमचं पुढे काय झालं तर दुसऱ्या वर्षी आम्ही वेळेत अर्ज केला आणि 5 वर्षांसाठी राहती जागा म्हणून लिहून दिलं. टुरिस्टचं भाडं विसरलो. सवलत नाही पण दर 3.50 चा लागतो, आणि मेंटेनन्स आमच्या पेन्शनमधून जातो. परवडतंय तोवर जाऊ. मावसबहिणीला मी हो किंवा नाही म्हटलं नाही, तीन प्रश्न लिहून पाठवले की एजंटला लेखी विचार: टॅक्सचा वर्ग कोणता, वर्षात किती रात्री राहता येतं, आणि हे कुठल्या कागदावर लिहिलंय. तिच्या एजंटने पहिल्याला उत्तर दिलं नाही, दुसऱ्याला "जनरली फ्लेक्सिबल" असं लिहिलं आणि तिसऱ्याला इमारतीच्या स्विमिंग पूलचा फोटो पाठवला.

आणि संपादकसाहेब, एक विनंती. तुमच्या लेखात दुसऱ्या कॉलममध्ये "आपलंच घर असल्याने वर्षभरात केव्हाही, कितीही दिवस राहता येते" असं वाक्य आहे. पुढच्या रविवारी तेवढं एक वाक्य दुरुस्त करून छापा.

आपली,
एक जुनी वाचक
न्यू जर्सी